नोकरी सोडून शेतावर शिकायला जाऊ का?

पत्र:

ताई, मी २७ वर्षांची आहे, ऑफिसात बसून कम्प्युटरवर काम करते. बरेच दिवस डोक्यात एकच आहे की शेती शिकायची, आणि ती पण मातीचं वाटोळं न करता केलेली. घरी जमीन नाही, शेतीचा गंधही नाही. एका सेंद्रिय शेतावर बोलणं झालंय, ते म्हणतात पूर्ण हंगाम ये, राहणं-जेवण आमच्याकडे, रोज सहा तास काम, आठवड्यातून सहा दिवस, पैसे मात्र नाहीत. मैत्रीण म्हणते हे सरळ फुकट राबवून घेणं आहे. दुसरा पर्याय म्हणजे फी भरून दोन आठवड्यांचा डिझाईन कोर्स. तिसरा, महिना महिना वेगवेगळ्या शेतांवर फिरायचं. शरीराला झेपेल का माहीत नाही. शिकून पुढे करणार काय तेही माहीत नाही. आई-बाबा तर म्हणतात डोकं फिरलंय तुझं. काय करू?
– गोंधळलेली

उत्तर:

अगं, तू प्रश्न पाच-सहा विचारलेस पण मला त्यातला एकच मोठा वाटतो, की त्या शेतावर तुला शिकवतील की नुसतं कामाला जुंपतील. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून मी त्यावरच जास्त बोलणार आहे, आधी कोर्स आणि फिरणं या दोन गोष्टी पटकन उरकते.

दोन आठवड्यांचा कोर्स बहुतेक पर्माकल्चरचा असणार, म्हणजे निसर्गाची रचना बघून शेताची आखणी करायची पद्धत. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ही कल्पना मांडली आणि तिचा ठरलेला डिझाईन कोर्स ७२ तासांचा असतो. वाईट नाहीये तो, उलट जमिनीकडे बघायची नजर येते, पाणी कुठून वाहतं, वारा कुठून येतो, कुठली गोष्ट कशाच्या जवळ असली की चालणं वाचतं, हे सगळं डोक्यात नीट बसतं. पण दोन आठवड्यांत पेरलेलं काही हातात येत नाही, आणि पावसानंतर तण काय वेगाने वर येतं तेही कळत नाही. माझं म्हणणं, कोर्स कर पण नंतर कर. एक हंगाम हाताखालून गेल्यावर त्या कोर्सला बसलीस तर विचारायला तुझे स्वतःचे प्रश्न असतील, आत्ता गेलीस तर नुसती वही भरेल.

महिना महिना फिरायचं म्हणतेस ते म्हणजे वूफसारखं. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी ते सुरू केलं, शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर जाऊन काम करायचं एवढीच साधी कल्पना होती, आणि आता ते जगभर आहे. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बदल्यात राहणं-जेवण. ज्याला अजून कळलंच नाहीये की आपल्याला हे आवडेल का, त्याच्यासाठी हे फार छान आहे. तू त्या पायरीच्या पुढे गेलीयेस असं पत्रावरून वाटतं. आणि फिरण्यात एक मोठी गोची आहे, एका ठिकाणी पेरणी बघशील, दुसऱ्या ठिकाणी काढणी बघशील, पण तू पेरलेल्याचं पुढे काय झालं हे कुठेच बघायला मिळणार नाही, आणि शेतीत शिकणं म्हणजे जवळजवळ तेच तर असतं. तेव्हा एकच शेत आणि पूर्ण हंगाम, याला माझं मत. फक्त ते शेत नीट पारखून घे.

पारखायचं कसं ते सांगते. पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो विचारायला लाजू नकोस. त्या शेताचं पोट कशावर चालतं? पिकवलेला माल विकून चालतं, की शिबिरं, राहायला येणारे पाहुणे, वर्कशॉप आणि फी भरणारे शिकाऊ यांच्यावर चालतं? दुसऱ्या प्रकारातले लोक खोटे असतात असं मुळीच नाही, काही जण फार मनापासून शिकवतात. पण तुला पुढे शेती करून जगायचंय ना, मग जिथे भाजी विकली गेली नाही तर महिना अवघड जातो अशा ठिकाणी शिकलेलं जास्त कामाचं. तिथे प्रत्येक निर्णयामागे खरा विचार असतो, हा वाफा लावायचा की मोकळा सोडायचा, हे पीक दिसायला सुंदर आहे पण वेळ खातंय तर बंद करायचं का. जिथे पैसा दुसरीकडून येतो तिथे वाफे सुंदर ठेवता येतात, पण ते सुंदर ठेवायला किती तास गेले हे कोणी मोजत नाही, आणि तू तीच सवय घेऊन बाहेर पडशील.

लगेच दुसरी गोष्ट, वही बघायला माग. कुठल्या वाफ्यात काय, कधी पेरलं, बियाणं कुठलं, किती किलो निघालं, किती माणसांचे किती तास गेले, किती विकलं गेलं आणि किती परत कंपोस्टमध्ये गेलं. वही असो, एक्सेल असो, भिंतीवरचा तक्ता असो, कुठेतरी हे असायला पाहिजे. सगळं डोक्यात आहे म्हणणारे शेतकरी खरंच हुशार असतात, पण ते तुला शिकवणार कसं? त्यांच्या डोक्यात तुला शिरता येत नाही. ज्यांच्याकडे मागच्या तीन-चार वर्षांच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे संध्याकाळी नुसतं बसून त्या वह्या चाळल्यास तरी तुझा अर्धा अभ्यास होईल.

मग विचार, मागच्या हंगामात काय फसलं? ज्याने खरं काम केलंय तो लगेच सांगायला लागतो, अमुक पिकावर बुरशी आली, उशिरा लावलं, पंप बिघडला आणि रोपं करपली. आमच्याकडे निसर्ग सगळं सांभाळतो असं उत्तर आलं तर मी तरी तिथे हंगाम काढायला जाणार नाही.

यावरून नैसर्गिक शेतीसाठी ओळखले जाणारे शेतकरी मासानोबू फुकुओका आठवतात, कारण त्यांची सुरुवात अगदी तुझ्यासारखी. जपानमध्ये योकोहामाला कस्टम्समध्ये झाडांची तपासणी करायची नोकरी होती, पंचविशीत ती सोडली आणि वडिलांच्या शेतावर परत गेले, डोक्यात हेच की निसर्गात माणसाने ढवळाढवळ करायचीच कशाला. संत्र्यांची बाग होती, छाटणी करून वाढवलेली, ती त्यांनी तशीच सोडून दिली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडी आल्या आणि झाडं मेली. हे त्यांनी स्वतःच पुढे जगाला सांगितलं, की आधीपासून माणसाच्या हाताखाली वाढलेलं झाड अचानक सोडून देणं याला नैसर्गिक शेती म्हणत नाहीत. त्यानंतर ते काही वर्षं सरकारी कृषी संशोधन केंद्रात नोकरीला होते, मग कुठे परत येऊन आयुष्यभर त्याच जमिनीवर बसले. आज लोकांना त्यांच्या शेतीतलं न नांगरणं तेवढं आठवतं, पण कधी हात लावायचा आणि कधी नाही हे कळायला त्यांना किती वर्षं बघत बसावं लागलं ते कोणी बोलत नाही. तू ज्यांच्याकडे जाणार आहेस ते याबद्दल बोलू शकतात का ते बघ.

एक तांत्रिक प्रश्नही विचारून ठेव, साधा आहे पण त्यातून बरंच कळतं. कच्चं शेण शेतात घातलं तर किती दिवसांनी माल काढता? अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवसांचं अंतर सांगितलंय, रोगजंतूंमुळे. त्यांना हेच आकडे पाठ पाहिजेत असं नाही, देशादेशांचे नियम वेगळे आहेत. पण या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला, किंवा शेण नैसर्गिकच आहे त्याने काय होतंय म्हणाला, तर तिथे सेंद्रिय हा शब्द फक्त पाटीवर आहे असं समज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी शिकून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांशी बोल. नंबर मालकाकडूनच माग. ते आता काय करतात, किती जण हंगाम अर्धवट टाकून गेले, का गेले, रोज काय काम असायचं, कोणी समजावून सांगायचं का, राहायला कसं होतं. तू मुलगी आहेस म्हणून हेही सांगते, खोलीला आतून कडी आहे का, संडास-बाथरूम किती लांब, रात्री तिथे कोण कोण असतं, हे थेट विचारायचं, आधी राहून गेलेल्या एखाद्या मुलीलाच विचार. यात ओशाळण्यासारखं काही नाही, चांगले लोक स्वतःहून दाखवतात.

आता मैत्रिणीचा मुद्दा. सहा तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ३६ तास झाले, जवळपास पूर्ण नोकरीच. मैत्रीण चूक नाहीये. पण पहिले काही आठवडे तू त्यांचं काम वाढवणार आहेस हेही खरं, तण समजून रोप उपटशील, पाणी जास्त देशील, तुझ्या मागे कोणीतरी उभं राहावं लागेल, तो त्यांचा खर्च आहे. नंतर मात्र तुझा हात बसतो आणि काढणीच्या दिवसांत तू खरोखर एका मजुराचं काम उरकत असतेस. तेव्हा पूर्ण हंगाम शून्य पैशावर, हे मला पटत नाही. महिनाभर ठीक, पूर्ण हंगाम नाही. दोनपैकी एक गोष्ट माग, एकतर पहिल्या दीड-दोन महिन्यांनंतर थोडं का होईना मानधन, किंवा आठवड्यातले ठरलेले तास फक्त शिकण्याचे, ज्यात कोणीतरी तुझ्यासोबत बसून शेत फिरवून समजावून सांगेल. दोन्ही मिळालं तर उत्तमच. आणि काही देशांत धंदा करणाऱ्या शेतावर बिनपगारी काम करून घेणं कायद्यातच बसत नाही, परदेशात जाणार असशील तर नुसतं राहणं-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा टुरिस्ट व्हिसावर चालत नाही असं अनेक ठिकाणी आहे, ते आधी नीट तपासून घे.

हे सगळं कागदावर घ्यायचं. वकिलाची वगैरे गरज नाही, एक पान पुरे. कामाचे तास, सुट्टीचा दिवस, आजारी पडलीस तर काय, दवाखान्याचा खर्च कोणाचा, काय काय शिकवणार त्याची यादी, आणि कोणालाही जमलं नाही तर किती दिवस आधी सांगून थांबायचं. त्या यादीत तुझ्या हक्काचा एक वाफा असलाच पाहिजे, यावर मात्र अडून बस. कुठलंही एक पीक, बियाणं निवडण्यापासून विकण्यापर्यंत तुझं. चुकलं तर तुझं, निघालं तर तुझं. ड्रायव्हरच्या शेजारी वर्षभर बसून गाडी येत नाही, स्टीअरिंग हातात घ्यावंच लागतं. निंदणी, पाणी, पॅकिंग ही कामं सांगितल्याबरहुकूम करत राहिलीस तर हात तयार होतील, पण आज पाणी द्यायचं की उद्या हे ठरवणं राहूनच जाईल आणि खरी शेती त्या ठरवण्यातच आहे.

म्हणजे काय ते जरा सांगते, कारण हंगामभर तिथे नक्की काय शिकायचं असतं हे बाहेरून कळत नाही. उदाहरणार्थ वापसा. माती ना ओली ना कोरडी, हातात दाबली तर गोळा होतो पण बोटाने ढकलला की फुटतो, तेव्हाच जमिनीत शिरायचं. त्याआधी ओल्यात गेलीस तर माती दाबली जाते, हवा निघून जाते, वाळल्यावर ढेकळं होतात आणि ती चूक पुढचे कितीतरी महिने पिकाच्या मुळांना भोगावी लागते. वाचून हे एका मिनिटात कळतं. पण पाऊस थांबलाय, सगळ्यांना घाई झालीये, रोपं तयार आहेत, आणि तरी शेतकरी एक मूठ माती उचलून बघतो आणि म्हणतो आज नाही, हे तू आठ-दहा वेळा डोळ्यांनी बघितलंस की मग ते अंगात उतरतं.

किंवा तण. नवीन माणूस तण दिसायला लागल्यावर काढतो. जाणता माणूस ते पांढऱ्या दोऱ्यासारखं मातीत असतानाच, वर हिरवं दिसायच्या आत, वरवर खरवडून टाकतो, कोरड्या उन्हाच्या दिवशी, म्हणजे तिथल्या तिथे सुकून जातं. तेच दोन आठवडे थांबलं तर कितीतरी पट वेळ जातो आणि कंबर जाते ती वेगळी. सेंद्रिय शेतीत मजुरीचा बराच मोठा भाग तणात जातो, तेव्हा हे वेळेवर करणं जमलं तरच पुढचे हिशोब जमतात.

कंपोस्टचा ढीग तर रोज बघ, जमल्यास थर्मामीटर घालून. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ धरतात, म्हणजे कार्बनसाठी वाळलेला पालापाचोळा, भुसा, काड्या आणि त्यांच्या जोडीला नायट्रोजनसाठी शेण आणि हिरवा कचरा. जमलं की ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. मूठभर उचलून घट्ट पिळलं की एखाद-दोन थेंब यावेत, एवढीच ओल. वास मारायला लागला तर हवा कमी आहे किंवा हिरवं जास्त झालंय, तापतच नसेल तर बहुतेक कोरडा आहे, खूप छोटा आहे किंवा नायट्रोजन कमी आहे. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली, थर लावायचे, ओल राखायची, ठरलेल्या वेळी उलथायचं, ती पुढे जगभर गेली, आणि ती त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांचं बघून, त्यांच्याकडून शिकूनच बसवली होती. तू एक ढीग पहिल्या दिवसापासून खत होईपर्यंत स्वतः सांभाळ, उलथायला सगळ्यांत आधी तू जा, कारण ते काम कोणालाच नको असतं आणि सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं.

हरभरा, तूर, मूग असं द्विदल पीक असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप हळूच खणून काढ, मुळांवरच्या गाठी नखाने फोडून बघ. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडायचं काम करतायत, आतून पांढरट किंवा हिरवट असतील तर काम होत नाहीये. पिकं आलटून पालटून लावणं म्हणजे फेरपालट, हिरवं पीक मातीत गाडणं म्हणजे हिरवळीचं खत, हे सगळं वाचलेलं असतं आपण, पण ती गुलाबी गाठ एकदा बघितली की वाचलेलं खरं वाटायला लागतं.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आला की तुझ्या पोटात गोळा येईल, लगेच काहीतरी फवारावंसं वाटेल. बऱ्याचदा मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि बाकीचे मित्रकीटक थोडे दिवस मागून येतात, आणि तू आधीच फवारून बसलीस, मग ते फवारणं नीमचं का असेना, तर त्यांचं खाणंच संपवतेस, कधीकधी त्यांनाही मारतेस. किती थांबायचं, कितव्या पानापर्यंत मावा चालेल आणि कुठे थांबणं महागात पडेल, हे तिथल्या जुन्या माणसाला विचार, त्याच्यासोबत रोज त्याच झाडांपाशी जा. पानं उलटी करून बघायची सवय लाव, अंडी तिथेच असतात.

एक अपेक्षा मात्र आधीच कमी करून जा. एका हंगामात माती सुधारलेली तुला दिसणार नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, एका पट्ट्यात दरवर्षी शेणखत, दुसऱ्यांत रासायनिक खतं, एकात काहीच नाही. शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब सुरुवातीला भराभर वाढला, पण तरी ते वाढणं दशकांमध्ये मोजावं लागतं. अमेरिकेत रोडेल इन्स्टिट्यूटने १९८१ मध्ये सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारीशेजारी लावून तुलना सुरू केली, तिथेही सुरुवातीच्या वर्षांत सेंद्रिय मक्याचं उत्पन्न खाली गेलं आणि मग वर आलं. सेंद्रिय सर्टिफिकेटसाठी जमिनीला दोन-तीन वर्षांचा रूपांतराचा काळ ठेवतात तो काळ शेतकऱ्याच्या खिशाला फार जड जातो, कारण खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. तेव्हा तुझ्या शेतावर त्यांना विचार की सगळ्यात जुना वाफा कुठला आणि सगळ्यात नवीन कुठला. दोन्हीकडे फावडं घाल, मातीचा रंग, वास, गांडुळं, मुळं किती खोल गेलीत, हे हाताने बघ. एका दुपारी तुला दहा वर्षांचा फरक बघायला मिळेल. आणि त्या सुरुवातीच्या वाईट वर्षांत तुम्ही कशावर जगलात, हेही विचार, कारण तुझी स्वतःची सुरुवात होईल तेव्हा तू नेमकी तिथेच उभी असशील.

शरीराचं म्हणतेस तर झेपेल, पण हळूहळू. सगळ्यात आधी ऊन. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. नवीन कामगारासाठी जो नियम सांगतात तो असा की पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच उन्हात करायचं आणि रोज आणखी २० टक्के वाढवत न्यायचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या बरोबरीने राबून दाखवायच्या नादात नवी मुलं आजारी पडतात. चक्कर, मळमळ, डोकं जड झालं की थांबायचं, सावलीत जायचं, सांगायचं. समोरचा माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तो जीवघेणा उष्माघात, आधी पाणी ओतून अंग गार करायचं आणि लगेच डॉक्टर बोलवायचा. टिटॅनसचा डोस १० वर्षांत घेतला नसेल तर जायच्या आधी घे, मातीत आणि शेणात काम आहे. बूट आत्ताच घेऊन वापरायला लाग. आणि ट्रॅक्टरच्या मागे जो फिरणारा दांडा असतो, पीटीओ, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ, सैल कपडा किंवा मोकळे केस अडकले तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. त्यावर झाकण नसेल तर त्याच्या जवळ जायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. स्लरीच्या किंवा शेणाच्या बंद खड्ड्यात कोणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही, आतल्या विषारी वायूने वाचवायला गेलेलेही जातात. हे दोन नियम मोडणाऱ्या शेतावर एक दिवसही राहू नकोस, बाकी शिकवणं कितीही छान असू दे.

पुढे काय करणार, याचं उत्तर आत्ता तुझ्याकडे नसलं तरी चालतं, पण हंगामाच्या मध्यावर कुठेतरी ते शोधायला लाग. स्वतःची जमीन हा एकच रस्ता नाही. भाड्याने थोडी जमीन, दुसऱ्याच्या शेतावर मॅनेजर, रोपवाटिका, बियाणं तयार करणं, कंपोस्टचं काम, किंवा ग्राहक हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरतात आणि दर आठवड्याला त्यांना वाटा जातो अशी विक्री सांभाळणं. कम्प्युटरवर काम केलेल्या मुलीला नोंदी, हिशोब, ग्राहकांशी बोलणं हे सोपं जातं आणि बऱ्याच शेतांवर नेमकं तेच कच्चं असतं. तुझ्याकडे द्यायलाही काहीतरी आहे, हे बोलणी करताना लक्षात ठेव. एकच सांगते, पहिल्या हंगामानंतर लगेच कर्ज काढून जमीन घेऊ नकोस. दुसरा हंगाम वेगळ्या शेतावर, जरा जास्त जबाबदारी घेऊन कर.

आता आई-बाबा. त्यांना शेतीबद्दल पटवत बसू नकोस, त्यांची काळजी शेतीची नाहीच, मुलगी कुठे राहणार आणि परत आल्यावर नोकरी मिळेल का ही आहे. मग त्याचीच उत्तरं दे. ऑफिसात बिनपगारी सुट्टी मिळते का विचार, हंगाम काही महिन्यांचाच असतो, मिळाली तर राजीनामा द्यायची गरजच नाही. तेवढ्या महिन्यांचा खर्च, विम्याचा हप्ता, आणि परत आल्यावर दोन-तीन महिने निघतील एवढे पैसे बाजूला काढ आणि आकडा त्यांना दाखव. तो एक पानाचा करारही दाखव. आणि होकार कळवायच्या आधी त्या शेतावर चार दिवस राहून ये, शक्यतो सुट्टीच्या नाही तर भर कामाच्या आठवड्यात, काढणी चालू असताना, सगळे थकलेले असताना. तेव्हा ते एकमेकांशी कसं बोलतात, जेवायला सगळे एकत्र बसतात का, तू काही विचारलंस तर उत्तर देतात की नंतर बघू म्हणतात, हे बघून घे. येताना त्यांच्या शेतातली थोडी माती बरणीत घेऊन ये, पाणी घालून खूप हलव आणि ठेवून दे. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवसभर किंवा जास्त वेळ तरंगत राहते. थर मोजून लिहून ठेव. पुढच्या वेळी जाशील तेव्हा पाणी आणि वापशाबद्दल काय विचारायचं ते तुला त्यातूनच सुचेल.